पाव, पाककृती आणि सॉफ्टवेअर: दर्जा नेमका घडतो कुठे?

१९ जुलै २०२४ला देशातल्या अनेक विमानतळांवर चेक-इनची यंत्रणा कोलमडली. रांगा दारापर्यंत गेल्या आणि काही प्रवाशांच्या हातात चक्क पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास आले. परदेशात रुग्णालयांच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, दूरचित्रवाहिन्या बंद पडल्या. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक त्या दिवशी निळा पडदा दाखवून गप्प झाले. हा कुणाचा हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर या संगणकांवर बसवलेलं होतं आणि कंपनीने त्यासाठी पाठवलेल्या एका छोट्याशा फाइलमध्ये चूक होती.

तेव्हापासून एक प्रश्न अनेकांनी विचारलाय, आणि प्रत्येक मोठ्या बिघाडानंतर तो पुन्हा विचारला जातो: एवढी मोठी कंपनी, एवढे हुशार इंजिनिअर, मग पाठवण्याआधी एक फाइल नीट तपासता येऊ नये? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर समजायला मला बेकरीइतकी सोयीची जागा दुसरी दिसत नाही. मात्र बेकरी आणि सॉफ्टवेअर यांची तुलना अनेकदा चुकीच्या जागी जोडली जाते, म्हणून आधी बेकरीच नीट पाहू.

दर्जा भट्टीच्या आधीच ठरतो

साध्या पावाचं गणित असं: एक किलो मैदा, साधारण सहाशे ग्रॅम पाणी, वीस ग्रॅम मीठ, थोडं यीस्ट. लादीपाव असेल तर जोडीला थोडी साखर आणि तेल किंवा तूप. जिन्नस एवढेच. तरीही एका बेकरीचा पाव बोटांनी दाबला की पुन्हा वर येतो आणि दुसरीचा दुपारपर्यंत भुसभुशीत होऊन जातो.

फरक पडतो तो मधल्या टप्प्यांमध्ये. पीठ पुरेसं मळलंय का हे पाहायला कारागीर लिंबाएवढा गोळा तोडतो आणि दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणून उजेडासमोर धरतो. पातळ पडदा तयार झाला आणि त्यातून उजेड दिसला, तर मळणी झाली. पडदा मध्येच फाटला, तर अजून मळायचं. मग पीठ फुगायला ठेवतात. ते तयार झालं का, हे घड्याळापेक्षा बोट चांगलं सांगतं. पिठात बोट दाबायचं. खड्डा लगेच भरून आला तर अजून वेळ आहे, सावकाश अर्धवट भरला तर भट्टीत घालायची वेळ झाली, आणि तसाच राहिला तर उशीर झालाय.

आता समजा मीठ घालायचं राहिलं. मळताना जीभ लावून पाहिली तर ते लगेच कळतं आणि मीठ टाकून पुढे जाता येतं. फुगताना कळलं तर पीठ नेहमीपेक्षा भराभर वर येताना आणि हाताला चिकट लागताना दिसतं, कारण यीस्टला आवर घालण्याचं आणि पिठाला ताठपणा देण्याचं काम मीठ करतं. तेव्हाही खटपट करून सुधारता येतं. पाव भाजून बाहेर आल्यावर कळलं, तर अख्खा घाणा फुकट. चूक तीच, पण जितकी उशिरा सापडते तितकी महाग पडते.

भट्टीच्या तोंडाशी उभा राहून चांगले आणि वाईट पाव वेगळे करणारा माणूस उपयोगाचा आहे, पण त्याच्यामुळे एकही वाईट पाव चांगला होत नाही. सॉफ्टवेअरच्या कामातही शेवटी तपासणीची एक फौज उभी केली की दर्जा येईल, असा समज मालकांपासून सरकारी निविदांपर्यंत सगळीकडे आहे. माझ्या मते बहुतेक दुखणी याच समजातून निघतात.

मग सॉफ्टवेअरमध्ये पाव कोणता?

तुलना घसरते ती इथे. प्रोग्रॅमर म्हणजे बेकर आणि प्रोग्रॅम म्हणजे पाव, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात प्रोग्रॅमर लिहितो ती पाककृती. तिला कोड म्हणतात. ती पाककृती वाचून प्रत्यक्ष कृती करणारा आचारी म्हणजे संगणक.

बेकरीची रोजची चिंता असते की आजचा पाव कालच्यासारखा यावा. मैद्याचं पोतं बदलतं, पावसाळ्यात हवा दमट होते, कारागीर गावी गेलेला असतो. सॉफ्टवेअरला ही चिंताच नाही. एका प्रोग्रॅमच्या लाखभर प्रती काढल्या तरी त्या तंतोतंत सारख्या निघतात आणि खर्च जवळजवळ शून्य. म्हणजे कारखान्यात ज्याला दर्जा सांभाळणं म्हणतात, ते प्रती सारख्या ठेवण्याचं काम इथे आपोआप होतं. उरतं ते सगळं पाककृती बरोबर आहे का, एवढ्याच प्रश्नात. आणि ती बहुतेक वेळा कुणी याआधी न केलेल्या पदार्थाची असते.

त्यात आचारी असा की त्याला स्वतःची अक्कल नाही. आपल्या घरच्या पाककृतींमध्ये ‘चवीपुरतं मीठ’ आणि ‘मावेल तेवढं पीठ’ असतं, आणि समोरच्याच्या हाताला ते बरोबर कळतं. संगणकाला कळत नाही. पाककृतीत राहिलेली अशी फट किंवा चूक म्हणजे बग. माणूस आचारी असेल तर तो ती फट स्वतःच्या अनुभवाने भरतो, संगणक तिच्यातून सरळ खाली पडतो.

पावात एखादा नग बिघडतो. सॉफ्टवेअरमध्ये पाककृती बिघडली की जगातला प्रत्येक नग एकाच वेळी बिघडतो.

एकविसावा जिन्नस

क्राउडस्ट्राइकने घटनेनंतर जो तपशील जाहीर केला, तो पाककृतीच्या भाषेत सांगता येतो. त्यांचं सॉफ्टवेअर संगणकावर काय चाललंय त्यावर नजर ठेवतं आणि संशयास्पद हालचाल ओळखतं. काय संशयास्पद मानायचं याची यादी कंपनी वरचेवर पाठवत राहते. ही यादी म्हणजे पाककृती, आणि ती वाचणारा प्रोग्रॅम म्हणजे संगणकावर आधीच बसवलेलं स्वयंपाकघर.

एका नव्या प्रकारच्या पाककृतीच्या नमुन्यात २१ जिन्नसांची जागा होती. स्वयंपाकघर मात्र वीसच जिन्नस पुरवत होतं. ही विसंगती काही महिने तशीच पडून होती आणि कुणाचं काहीच अडलं नाही, कारण तोवर पाठवलेल्या प्रत्येक पाककृतीत एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ असं लिहिलेलं होतं. काहीही चालणार असेल तर त्या डब्यात कोण हात घालतो? १९ जुलैच्या फाइलने पहिल्यांदाच एकविसाव्या जागी ठरावीक गोष्ट मागितली. प्रोग्रॅम तिथे हात घालायला गेला, तिथे डबाच नव्हता, आणि तो संगणकाच्या स्मृतीत नको त्या ठिकाणी वाचायला लागला. हा प्रोग्रॅम विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतो. तिथे असं घडलं की नुसता प्रोग्रॅम बंद पडून भागत नाही, अख्खा संगणक बसतो.

भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी फाइल निघाली आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेतली गेली. ७८ मिनिटं.

‘पण तपासणी झाली नव्हती का?’

झाली होती, आणि मला हा भाग सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. नव्या नमुन्याची चाचणी झाली होती, पण चाचणीतल्या पाककृतींमध्येही एकविसाव्या जागी ‘काहीही चालेल’ होतं. पाठवण्याआधी प्रत्येक फाइल तपासणारा एक वेगळा प्रोग्रॅमही होता. त्याने गृहीत धरलं होतं की जिन्नस एकवीसच मिळणार, म्हणून त्याने फाइलला हिरवा कंदील दाखवला. आधीच्या तशा फाइली बिनबोभाट चालल्या होत्या, त्यामुळे विश्वासही बसला होता.

मग सगळ्या शक्यता तपासायच्या ना? एक छोटा हिशेब करून पाहा. पाककृतीत २१ जागा आहेत आणि प्रत्येक जागी फक्त दोनच पर्याय आहेत असं समजा. तरी एकूण पाककृती होतात २० लाख ९७ हजार १५२. खऱ्या प्रोग्रॅममध्ये अशा जागा हजारोंनी असतात आणि पर्यायही दोनाहून कितीतरी जास्त. सगळं तपासून झालं, असा दिवस कधीच येत नाही. चाचणीने चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाही हे सिद्ध करता येत नाही.

म्हणून चांगली बेकरी जे करते तेच चांगली सॉफ्टवेअर टीम करते. प्रत्येक टप्प्याला त्या टप्प्याची परीक्षा असते. कोडचा लहानसा तुकडा लिहिला की त्याची चाचणी लगेच, मोठ्या कोडमध्ये मिसळण्याआधी, म्हणजे मळतानाच जीभ लावून पाहणं. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे जात नाही. आणि सगळं झाल्यावरही शंभर ट्रे एकदम भट्टीत जात नाहीत. आधी एक ट्रे जातो. तो बाहेर आला की एक पाव फोडून आतली जाळी बघायची, मग बाकीचे. सॉफ्टवेअरमध्ये याला टप्प्याटप्प्याने वाटप म्हणता येईल: अपडेट आधी कंपनीच्या स्वतःच्या संगणकांवर, मग शंभरातल्या एका ग्राहकाकडे, काही तास वाट पाहून दहांकडे, मग सगळ्यांकडे. तुमच्या फोनवर एखाद्या ॲपचं नवं रूप शेजाऱ्याच्या फोनपेक्षा चार दिवस उशिरा येतं, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

क्राउडस्ट्राइक आपल्या मुख्य प्रोग्रॅमची नवी आवृत्ती अशी टप्प्याटप्प्यानेच देत होती. या झटपट याद्यांना मात्र ती शिस्त लावलेली नव्हती. यादी म्हणजे कोड थोडाच, ती नुसती माहिती, असा त्यामागचा विचार दिसतो. पण आचारी जे वाचून हात हलवतो ती पाककृतीच, तिला नाव काहीही द्या.

‘सुरक्षेचं अपडेट ताटकळत ठेवून कसं चालेल?’

हा आक्षेप हलका नाही. हल्लेखोर थांबत नाहीत. नवा व्हायरस सकाळी दिसला आणि त्याविरुद्धची यादी संध्याकाळी पोचली, तर मधल्या वेळेत नुकसान होऊ शकतं. घाईला खरं कारण आहे.

पण टप्प्याने पाठवणं म्हणजे दिवसभर अडवून ठेवणं नव्हे. १९ जुलैची फाइल ज्या संगणकावर गेली तिथे बिघाड लगेच दिसत होता. आधी काही हजार संगणकांवर पाठवून थोडा वेळ पाहिलं असतं, तरी पुढचे लाखो वाचले असते. घटनेनंतर कंपनीने या याद्यांसाठीही टप्पे लावले आणि अपडेट कधी घ्यायचं यावर ग्राहकांना जास्त ताबा दिला. म्हणजे ते शक्य होतं.

तीच पाककृती, दुसरी भट्टी

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या शहरातल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. हवेसाठी ते आवश्यकच होतं. बेकरीवाल्यांची काळजीही समजण्यासारखी होती. लाकडाच्या जुन्या भट्टीत विटांच्या जाड भिंती तापून राहतात, उष्णता सगळीकडून येते, आणि कारागिराच्या हाताला तिची सवय झालेली असते. मैदा तोच, यीस्ट तेच, पण भट्टी बदलली की वेळ, ताप, पाण्याचं प्रमाण सगळं पुन्हा बसवावं लागतं. जुनं माप कितीही वर्षं बिनचूक चाललेलं असो, नव्या भट्टीत त्याचा दाखला चालत नाही.

ही गोष्ट युरोपच्या अवकाश कार्यक्रमाला फार महागात पडली. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ हे नवं रॉकेट पहिल्यांदा झेपावलं आणि चाळीस सेकंदही व्हायच्या आत आकाशात फुटलं. दिशा सांभाळणारं सॉफ्टवेअर एरियन-४ मधून उचललेलं होतं, आणि तिथे ते उत्तम चाललं होतं. एरियन-५ मात्र सुरुवातीलाच जास्त आडव्या वेगाने जात होतं. त्या वेगाशी जोडलेला एक आकडा ज्या जागेत साठवायचा होता, त्या जागेत तो मावेना. जुन्या रॉकेटमध्ये तो एवढा मोठा कधी झालाच नव्हता, म्हणून न मावल्यास काय करायचं हे लिहिलेलं नव्हतं. प्रोग्रॅम बंद पडला.

मदतीला दुसरं, राखीव यंत्र होतं. त्यात तेच सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे तेही त्याच कारणाने आधीच बंद पडलेलं होतं. एक ओव्हन बिघडला तर दुसरा वापरता येतो, पण पाककृतीच चुकलेली असेल तर दुसऱ्या ओव्हनमध्येही तोच पदार्थ बिघडतो. आणखी जीवाला लागणारी गोष्ट अशी की ज्या हिशेबात ही चूक झाली, त्याची एरियन-५ला उड्डाणानंतर गरजच नव्हती. तो जुन्या पाककृतीतून तसाच पुढे आला होता.

‘माणसं वाढवा की!’

पीठ फुगायला दीड तास लागत असेल तर दोन कारागिरांनी ते पाऊण तासात फुगत नाही. यीस्ट वाढवून, गरम जागी ठेवून ते लवकर फुगवता येतं हे खरं, पण चव उतरते आणि पाव लवकर शिळा लागतो. सॉफ्टवेअरमधला फुगण्याचा वेळ म्हणजे समजून घेण्याचा वेळ. आयबीएमने १९६०च्या दशकात ओएस/३६० ही प्रचंड प्रणाली बांधताना ते भोगलं: रखडलेल्या कामावर नवी माणसं आणली की जुन्या माणसांचा वेळ त्यांना शिकवण्यात जातो आणि काम आणखी रखडतं. माणसं वाढवायची तर सुरुवातीला, आणि वेगळं करता येईल असं काम असेल तिथे. मुदत तोंडावर आल्यावर भरती करणारा प्रकल्प दिसला की मला दर्जाची काळजी वाटते.

‘बिघडलं तर नंतर दुरुस्त करू’

इथे सॉफ्टवेअर पावाहून खरोखर वेगळं आहे, आणि ते मान्य केलं पाहिजे. भाजलेल्या पावात मीठ घालता येत नाही, ॲपमधली चूक मात्र संध्याकाळपर्यंत सुधारून पाठवता येते. रेल्वेचं तिकीट काढताना नाव भलत्याच ठिकाणी दिसलं, किंवा बातम्यांच्या ॲपमध्ये फोटो तिरका आला, तर एवढी सवलत चालते. अशा ठिकाणी प्रत्येक गोष्ट दहा वेळा तपासत बसणं हा उलट वेळेचा अपव्यय आहे.

पण १९ जुलैला दुरुस्ती ७८ मिनिटांत तयार होऊनही कामाची नव्हती, कारण ती घ्यायला संगणक सुरूच होत नव्हते. अनेक ठिकाणी माणसाने एकेका यंत्रापाशी जायचं, ते सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त गरजेपुरते प्रोग्रॅम घेऊन, चालू करायचं, बिघडलेली फाइल शोधून काढून टाकायची. ज्यांची डिस्क कुलूपबंद होती, तिथे आधी ४८ अंकी चावी टाइप करायची. एक अंक चुकला की पुन्हा. काही कचेऱ्यांमध्ये तर या चाव्यांची यादी ज्या संगणकावर ठेवली होती तोच बंद होता. एकट्या डेल्टा या विमानकंपनीला पाच दिवसांत सुमारे ७ हजार उड्डाणं रद्द करावी लागली.

आणि काही नुकसान दुरुस्तीच्या पलीकडचं असतं. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या थेरॅक-२५ या यंत्रामुळे १९८५ ते १९८७ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा मिळाली आणि त्यातल्या काहींचा मृत्यू झाला. आधीच्या यंत्रात चुकीची मात्रा अडवणारे यांत्रिक अडसर होते. नव्यात ते काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. अडसर होते तोवर आतली चूक कुणाला दिसली नव्हती. रुग्णालयात, विमानात, विजेच्या जाळ्यात ‘नंतर बघू’ हा पर्यायच नाही.

‘आता एआय कोड लिहितं, मग?’

पाककृती लिहिण्याचा वेग वाढला, एवढं नक्की. पण एकविसाव्या जागी काही आहे का, ही पाककृती कुठल्या भट्टीत जाणार आहे, हे प्रश्न तिथेच आहेत, आणि वाचून मान डोलावणाऱ्या माणसासमोर आता आधीपेक्षा कितीतरी जास्त कागद येतात. पुण्या-मुंबईतली हजारो तरुण मुलंमुली सध्या हेच काम करतायत. त्यांच्या कंपन्या लिहिलेल्या ओळी मोजणार की वाचून थांबवलेल्या चुका, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

विकत घेणाऱ्याने काय विचारायचं?

पतसंस्था, शाळा, लहान रुग्णालय, नगरपालिका, सगळेच आज सॉफ्टवेअर विकत घेतात. विक्रेता पडद्यावर सुंदर दिसणारा नमुना दाखवतो, म्हणजे काचेच्या कपाटातला केक. त्याऐवजी त्याला मधल्या टप्प्यांबद्दल विचारावं. नवी आवृत्ती सगळ्या शाखांना एकदम देता की आधी एका शाखेत? आमच्या जुन्या संगणकांवर ती चालवून पाहिली आहे का? कोड लिहिणाऱ्याशिवाय आणखी कोण वाचतं?

आणि एक प्रश्न लेखी उत्तर घेऊनच सोडावा: आजचं अपडेट फसलं तर कालच्या आवृत्तीवर परत कसं जायचं, ते कोण करणार, किती वेळात? जुलै २०१२च्या अखेरीस नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर-व्यवहार कंपनीने आठ सर्व्हरवर नवा कोड बसवायला घेतला आणि तो सातांवरच बसला. १ ऑगस्टला आठव्यावरचा जुना, कित्येक वर्षं न वापरलेला कोड जागा झाला आणि भराभर भलतेच सौदे करू लागला. घाईघाईत त्यांनी उरलेल्या सातांवरचा नवा कोड काढून टाकला. त्यामुळे जुना कोड आठही ठिकाणी चालू लागला आणि नुकसान वाढतच गेलं. साधारण ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून जास्त गेले. मागे फिरण्याचा रस्ता आधी कधी चालून पाहिलेला आहे का, हे विक्रेत्याकडून ऐकून घ्यावं आणि जमलं तर करार करण्याआधी एकदा आपल्यासमोर करून दाखवायला सांगावं.